भिंतीवरचा पावाचा हिशेब

(गतवर्षीच्या गणेशोत्सवात, चौथ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीनंतर मंडपात केलेलं भाषण. मंडळाच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिलं आहे.)



दरवर्षी या मंडपात कुणी ना कुणी विद्वान वक्ता येतो आणि त्याच्या खुर्च्या मांडायचं काम माझ्याकडे असतं. या वर्षी वक्त्यांची गाडी चुकली आणि सेक्रेटरी साहेबांनी मला उभं केलं. मी डिप्लोमावाला माणूस. रूळ, स्लीपर आणि गिट्टी सोडून मला फार काही कळत नाही. "कशावर बोलू?" म्हणून विचारलं, तर उत्तर मिळालं, "प्रसादाला अजून अर्धा तास आहे, तोवर कशावरही बोला." तेव्हा मी ठरवलं, खाण्यावरच बोलावं. निदान श्रोत्यांचं लक्ष तरी त्याच विषयात असेल!

पण विषय थोडा लांबचा आहे. मी बोलणार आहे पोर्तुगीजांच्या रोजच्या जेवणाबद्दल, आणि ते जेवण ज्यांनी चित्रांत आणि लेखनात जपलं त्यांच्याबद्दल. हथखोजच्या मंडपात पोर्तुगाल कुठून आलं, असं तुम्हाला वाटेल. ते आलं माझ्या मुलीच्या शाळेच्या पुस्तकातून.

ती दहावीत होती. इंग्रजीच्या पुस्तकात गोव्याच्या पाववाल्यावर एक धडा आहे. लेखक ल्युसिओ रॉड्रिग्ज, गोमंतकीय लोकसंस्कृतीचे अभ्यासक. इथल्या सीबीएसईच्या बहुतेक मुलांनी तो वाचला असेल, आणि परीक्षेनंतर विसरलाही असेल. गोव्यात या पाववाल्याला पदेर म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्द पादेइरो. पोर्तुगीज गेले तरी पदेर आणि त्याची भट्टी मागे राहिली, हे लेखक मोठ्या जिव्हाळ्याने सांगतो. सकाळी काठी वाजवत येणारा पदेर, त्याच्या टोपलीभोवती जमणारी मुलं, हे सगळं त्यात आहे. मुलगी मोठ्याने वाचत होती आणि मी पेपर वाचता वाचता ऐकत होतो. शेवटी एक साधा तपशील आला. पदेर महिन्याच्या शेवटी पैसे न्यायचा आणि पावाचा हिशेब घराच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला असायचा.

माझ्या हातातला पेपर खाली आला.

मंडळी, तशी एक भिंत आमच्या घरी होती. गोव्यात नाही, इथे भिलाईत, सेक्टरमधल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात. माझे वडील सावंतवाडी तालुक्यातले, तेरेखोल नदीच्या अलीकडचे. आई पलीकडची, गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली. वडील नोकरीसाठी भिलाईला आले आणि लग्नानंतर आईही आली. सकाळी सायकलवर डबलरोटीवाला यायचा. सगळी कॉलनी डबलरोटी म्हणायची, आई मात्र शेवटपर्यंत 'पाव'च म्हणाली. चुलीमागच्या भिंतीवर ती पेन्सिलीने रोज एक रेघ ओढायची. पाव आला नाही त्या दिवशी फुली. गावाकडून पाहुणे आले आणि जास्त पाव घेतले, तर रेघेभोवती गोल. महिना संपला की पाववाला दारातूनच भिंतीकडे बघायचा, आई रेघा मोजायची, आणि दोघांचा हिशेब कधी चुकला नाही. वरचे महिने ती पुसत नसे. अशी किती वर्षं त्या भिंतीवर साठली होती कोण जाणे.

ही भिंत आता का नाही, ते मी शेवटी सांगतो. आधी त्या पावाची गोष्ट.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १९ डिसेंबर १९६१ ला तो मुक्त झाला. म्हणजे साडेचारशे वर्षं झाली. त्या राजवटीत जुलूम झाले, देवळं पाडली गेली, हे आपण जाणतो आणि विसरणारही नाही. पण राज्यकर्ता तलवार घेऊन येतो, तेव्हा त्याच्या मागोमाग त्याचा स्वयंपाकीही जहाजातून उतरतो. इथे गव्हाचा पाव भाजायचा तर पीठ फुगवायला यीस्ट नाही. मग गोव्याच्या भट्टीवाल्यांनी माडाची ताडी, म्हणजे सूर, घालून पीठ फुगवलं. त्यातून गोव्याचा पाव झाला, उंडो झाला, कोंड्याची पोळी झाली आणि बांगडीसारखं कडक काकण झालं. हे ना पूर्ण पोर्तुगीज, ना पूर्ण देशी. एके काळी पाव खाल्ला की माणूस बाटला, असं आपलेच लोक म्हणत. आज वडापाव म्हणजे महाराष्ट्राची ओळख! त्या वडापावात पाव हा शब्द पोर्तुगीज, बटाटा हा शब्द पोर्तुगीज, आणि मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेली.

आणखी गंमत बघा. परवा ज्यांनी उपवास केला त्यांच्या ताटात काय होतं? बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका. ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. ती आपल्याकडे आणणाऱ्यांत मोठा वाटा पोर्तुगीजांचा. आणि हे पदार्थ आपण सोवळ्यात खातो!

माझ्या ट्रॅकवरच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपण ज्या घमेल्याने गिट्टी टाकतो, ते घमेलं पोर्तुगीज 'गामेला'. आपला चावीवाला रोज हातोडा घेऊन लाइन चालत जातो, त्याची चावी म्हणजे पोर्तुगीज 'शावी'. आणि महिन्याच्या शेवटी ज्याची आपण वाट बघतो तो पगार, तोही पोर्तुगीज! घमेलं, चावी, पगार. आपल्या नोकरीत आणखी आहे काय?

तर असं हे जेवण. आता त्यांच्या देशात या रोजच्या जेवणाचं काय झालं ते बघू.

पोर्तुगालचा साधा माणूस काय खातो? उत्तरेकडचं एक रोजचं सूप आहे, काल्दु व्हेर्द. शब्दाचा अर्थ हिरवा रस्सा. बटाटा उकडून घोटायचा, त्यात हिरव्या कोबीच्या जातीची पानं अगदी बारीक चिरून टाकायची, वर सॉसेजची एखादी चकती आणि सोबत मक्याचा पाव. त्या पानाला ते 'कोव्ह' म्हणतात. आपला कोबी हा शब्द तिथलाच. म्हणजे आपली कोबी-बटाट्याची भाजी आणि त्यांचं सूप ही नात्याने चुलत भावंडं. खारवून वाळवलेला कॉड मासा, निखाऱ्यावर भाजलेल्या सार्डिन, हे त्यांचं बाकीचं रोजचं. यात राजवाड्याचं काही नाही.

पण त्यांच्याकडे राफाएल बोर्दालो पिन्येइरो नावाचा एक व्यंगचित्रकार होऊन गेला. जन्म १८४६, मृत्यू १९०५. सरकारची टर उडवणारी चित्रं काढायचा. त्याने १८७५ मध्ये एक साधा खेडवळ माणूस चित्रात आणला. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन आपण ओळखतो, तसा तो पोर्तुगालचा कॉमन मॅन झाला. पुढे १८८४ मध्ये त्याने काल्दास दा राइन्या या गावी चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना काढला. तिथे कशाच्या आकाराची भांडी केली? कोबीच्या पानांची! शिरा उठून दिसणारी हिरवीगार पानं, तीच बशी, तोच सूपचा वाडगा. ज्या पानाला बाजारात कोण विचारतो, ते त्याने दिवाणखान्याच्या कपाटात नेऊन बसवलं. ती भांडी आजही बनतात आणि जगभर विकली जातात.

दुसरं उदाहरण लेखकाचं. एसा दे केइरॉश हे पोर्तुगीज भाषेतले फार मोठे कादंबरीकार. १९०० मध्ये ते वारले आणि त्यांची एक कादंबरी १९०१ मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्रजीत तिचं नाव 'द सिटी अँड द माउंटन्स'. त्यातला नायक जासिंतो पॅरिसमध्ये राहतो. घरात तेव्हाची सगळी यंत्रं आहेत, पण त्याला भूकच लागत नाही. एकदा मोठ्या पाहुण्यांसाठी मेजवानी ठेवतो, तर स्वयंपाकघरातून वर येणारा मासा लिफ्टमध्येच अडकून बसतो! आपण यंत्रवाले लोक, आपल्याला हे दुःख चांगलं कळेल. पुढे तो पोर्तुगालच्या डोंगरातल्या आपल्या जुन्या वाड्यावर यायला निघतो, रेल्वेने. आणि सामान? सामान भलतीकडेच जातं. (आमच्या खात्यावर हा डाग शंभर वर्षांपूर्वीपासूनचा आहे.) नेसत्या कपड्यांनिशी बिचारा घरी पोहोचतो. तिथल्या नोकरमाणसांनी जे घरात होतं ते वाढलं. कोंबडीचा रस्सा, आणि मोठ्या वालासारख्या दाण्यांचा भात. ते दाणे जासिंतोला एरवी अजिबात आवडत नसत. तो एक घास घेतो, आणि मग थांबतच नाही. त्याची गेलेली भूक त्या भातावर परत आली. आपल्या डाळिंब्यांच्या भातावर असं पान कुणी लिहिलंय का, असा विचार मला वाचताना आला.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. मारिया दे लुर्देश मोदेश्तु या बाई. १९५८ पासून त्या पोर्तुगालच्या टीव्हीवर स्वयंपाक शिकवत. पण त्या नुसत्या शिकवत बसल्या नाहीत, लोकांकडून शिकल्याही. गावोगावच्या प्रेक्षकांनी आपापल्या घरच्या पाककृती पत्राने पाठवल्या. त्यांनी त्या तपासल्या, प्रांतवार लावल्या आणि १९८२ मध्ये 'कुझिन्या त्रादिसिओनाल पुर्तुगेझा', म्हणजे पारंपरिक पोर्तुगीज स्वयंपाक, हे जाडजूड पुस्तक काढलं. २०२२ मध्ये त्या वारल्या. खेड्यातल्या कुणा आजीचा रस्सा आज त्या देशाच्या घराघरात आहे, कारण तिच्या मुलीने किंवा शेजारणीने एक पत्र टाकलं.

आता गोव्याकडे येऊ. मारिओ मिरांडा यांची चित्रं तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत, नाव माहीत नसलं तरी. मुंबईला गेलात तर कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंती बघा. त्यांचा जन्म १९२६ चा, दमणचा. घर गोव्यात लोटली गावी. लहानपणापासून ते रोजनिशी ठेवत, पण त्यात शब्दांइतकीच चित्रं. आज कोण भेटलं, बाजारात काय चाललं होतं, सगळं काढून ठेवायचं. १९५९ मध्ये गुलबेंकियन फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर ते पोर्तुगालला गेले. पुढे मुंबईच्या वर्तमानपत्रांत आणि साप्ताहिकांत त्यांनी नाव कमावलं. पण त्यांच्या चित्रांत गोवा कसा दिसतो? टोपली घेतलेला पदेर, मासळी विकणाऱ्या बायका, ताडी काढणारा माणूस, गुत्त्यातलं टेबल आणि टेबलाखालचा कुत्रा. ११ डिसेंबर २०११ ला लोटलीलाच ते गेले. २०१२ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. गोव्यातल्या किती भट्ट्या आता बंद पडल्या, हे तिथे जाणाऱ्यांना ठाऊक आहे. पण त्यांच्या चित्रातला पदेर अजून फेरीवर आहे.

मराठीतही हे काम झालेलं आहे, आपण कमी नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० चं. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं, आणि इथे बसलेल्या किती तरी जणी तेच पुस्तक पाठवणीच्या ट्रंकेतून घेऊन छत्तीसगडात आल्या असतील. पु. लं.चा 'माझे खाद्यजीवन' हा लेख वाचून न हसलेला मराठी माणूस मी पाहिलेला नाही. पण पुस्तकात आली ती पुस्तकवाल्यांची भाजी. आपल्या घरची कुठे आहे?

आता मी भिंतीकडे परत येतो.

आई रविवारी सकाळी पातळ भाजी करायची. गोव्याच्या हॉटेलात पावाबरोबर मिळते ती. पांढरे वाटाणे रात्री भिजवायचे, सकाळी बटाट्याच्या फोडींबरोबर शिजवायचे, कांदा-खोबरं भाजून वाटलेला मसाला लावायचा. भिलाईत ओला नारळ कधी मिळायचा, कधी नाही; ती सुक्या खोबऱ्यावर भागवायची. वडिलांची नाइट शिफ्ट संपायची, पाववाल्याची घंटा वाजायची आणि भाजीला उकळी यायची, असं तिघांचं टायमिंग जुळलेलं असे. आम्ही भावंडं पाव बुडवून खायचो. इतकं रोजचं की त्याचा फोटो काढावा, ते कागदावर लिहावं, असं कुणाला सुचलंच नाही.

२००४ मध्ये वडील निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं होतं. जाताना घर स्वच्छ करून द्यावं, म्हणून चुना मारायचं ठरलं. मी तेव्हा रेल्वेत नवीन लागलो होतो, अंगात उत्साह. बादली आणि ब्रश घेऊन मीच सगळं घर रंगवलं. स्वयंपाकघरात आलो तेव्हा आई दारात उभी होती. "ती भिंत राहू दे," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "आई, घाण दिसतंय ते." आणि दोन हात मारले. ती काही बोलली नाही. मला वाटलं, पटलं तिला.

आई २०१९ मध्ये गेली. त्यानंतर एका रविवारी मुलांनी आजीची भाजी मागितली. माझ्या पत्नीने केली, चांगली केली, पण ती भाजी नव्हती. काही तरी राहत होतं. पेडण्याला मामीला फोन केला. मामी म्हणाली, "अरे, बडीशेप भाजून घालायची असते." बांद्याच्या मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "बडीशेप? आमच्याकडे कधी नव्हती. दगडफूल असेल." दोन्ही करून बघितलं. दोन्ही वेळा चव जवळून गेली, पण स्टेशनात आली नाही.

आपल्या रेल्वेत बघा. इथे भिलाईत रूळ तयार होतो, तेव्हा त्याच्या पोटावर कारखान्याचं नाव, वजन, महिना आणि साल उठलेलं असतं. चाळीस वर्षांनी रूळ काढला तरी तो कधीचा, कुठला, हे वाचता येतं. प्रत्येक वळणाचं रजिस्टर आहे, प्रत्येक पुलाचं रजिस्टर आहे, चावीवाल्याची डायरी आहे. मी वीस वर्षं रजिस्टरं भरतोय. आणि माझ्या आईने पस्तीस वर्षं जे रोज केलं त्याची एक ओळ माझ्याकडे नाही. तिने स्वतः जी काही नोंद ठेवली होती, तिच्यावर मी चुना मारला.

हे सांगून मला कुणाचे डोळे ओले करायचे नाहीत. मला एक काम सुचवायचं आहे.

२०२२ मध्ये १ मे रोजी छत्तीसगड सरकारने कामगार दिनाला 'बोरे बासी' खाण्याचं आवाहन केलं, हे आठवतं ना? रात्रीचा भात पाण्यात ठेवायचा, सकाळी कांदा आणि मिरचीबरोबर खायचा. मंत्री, अधिकारी सगळ्यांचे बासी खातानाचे फोटो पेपरात आले. आमच्या गँगमधला एक जुना ट्रॅकमन हसून मला म्हणाला, "साहब, हम तो जिनगी भर खाए, कोनो फोटो नइ खींचिस." गंमतीत बोलला, पण खरं बोलला. ज्याचं जेवण आहे त्याच्याकडे कुणी कॅमेरा वळवत नाही. म्हणून तो आपणच आपल्या चुलीकडे वळवायचा.

माझा प्रस्ताव असा. दरवर्षी आपण मुलांसाठी चित्रकला स्पर्धा ठेवतो. विषय तेच, माझा आवडता सण, पावसाळ्यातील एक दिवस. पुढच्या वर्षी विषय ठेवू, 'आमच्या घरचं रोजचं'. पुरणपोळी नको, मोदक नको, ते सगळ्यांना येतात. बुधवारी रात्री घरात जे होतं त्याचं चित्र काढा. विदर्भातल्या घरचं वरण-फळं, खानदेशातली शेवभाजी, घाटावरचं पिठलं, कोकणातली पेज. आमच्या छत्तीसगडी मित्रांच्या घरचा चीला आणि फराही हवा, कारण चाळीस वर्षं आपण तो त्यांच्या डब्यातून खाल्ला आहे. चित्राच्या मागे मोठ्यांनी कृती लिहायची, आणि ती आजीला किंवा आईला विचारून. "अंदाजाने घाला" असं लिहिलेलं चालणार नाही. आजीचा अंदाज म्हणजे किती, ते तिच्या शेजारी उभं राहून वाटीने मोजायचं. कुणाकडून शिकली, कुठल्या गावची, इथे आल्यावर कशाऐवजी काय घालायला लागली, तेही लिहायचं. सुक्या खोबऱ्यावर भागवलं, हीसुद्धा नोंदच आहे. आपण इथे येऊन कसे राहिलो, त्याचा इतिहास त्यात आहे.

मंडळाने एक जाड वही घ्यावी. वही माझ्याकडून. तिचं पहिलं पान मी भरून आणलं आहे. पातळ भाजीची कृती आहे, मामीच्या बडीशेपेसकट आणि मावशीच्या दगडफुलासकट, दोघींच्या नावानिशी. खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. कधी चव सापडलीच तर लिहीन. समोरच्या पानावर मुलीने चित्र काढलं आहे. तिने ती भिंत कधी पाहिलेली नाही, मी सांगितलं तसं काढलं. रेघा, फुल्या आणि गोल. मी बघितलं आणि म्हटलं, पाहुण्यांचे गोल थोडे जास्त हवेत, आपल्याकडे माणसं फार यायची. तिने आणखी चार काढून दिले.

इथे ज्यांची आई अजून स्वयंपाकघरात आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर वही-पेन घेऊन तिच्याजवळ बसा. ती म्हणेल, "यात काय लिहायचंय?" तरी लिहा.

प्रसाद तयार असल्याची खूण मला केव्हाची होते आहे. मी आपली रजा घेतो. चुकलं-माकलं पदरात घ्या.

गणपती बाप्पा मोरया!